मामंजींची लोटण कबुतरं

लग्न होऊन मी पनवेलला आले ती स्वातंत्र्यानंतरच्या दोन-चार वर्षांत. माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, कबुतरांचा नाद होता. परसात विहिरीपलीकडे त्यांची ढाबळ होती आणि तीत फक्त पांढरी लोटण कबुतरं. लोटणाच्या डोक्यावर हलकी टिचकी मारून त्याला जमिनीवर ठेवलं, की ते कोलांट्या खात लोळत सुटतं. आपण होऊन थांबत नाही. उचलून चोचीवर फुंकर घालावी लागते, मग भानावर येतं.

हा वंश मामंजींनी तरुणपणापासून जपला होता. बाहेरची मादी कधी आत येऊ दिली नाही. भावाबहिणींच्याच जोड्या लावायचे. दुरून शौकीन माणसं पिल्लं मागायला येत. मामंजी त्यांना चहा पाजून रिकाम्या हाती परत पाठवीत.

पुढे त्यांना दमा जडला आणि फुंकर घालण्याचं काम माझ्याकडे आलं. हातात ते गरम, थरथरतं अंग, आणि माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघणारा त्याचा डोळा. मला नको वाटायचं, पण सासऱ्यांना सांगणार कसं?

एका उन्हाळ्यात कबुतरं टिचकीशिवायच लोळू लागली. दुपारी खाडीवरचा वारा पडला, की धुणं धुताना मला पंख आपटल्याचा आवाज यायचा. जाऊन पाहावं, तर सगळी ढाबळ जमिनीवर गरगरत असायची, सगळी एकाच दिशेने. एकाला उचलून फुंकर घालीपर्यंत दुसरं निपचित पडलेलं असे.

एकदा मामंजींनी माझ्या तळहातावर अंडं ठेवलं.

"हलतंय ना?"

पिल्लू आतून टोचत असेल, असं मला वाटलं. पण ते अंडं हातातल्या हातात गोल फिरू पाहत होतं.

"आतच लोळतंय," मामंजी म्हणाले. त्यांचा आवाज घाबरल्यासारखा होता.

पावसाळा सरताना एकच नर उरला. मामंजी दिवसभर त्याच्या खणापाशी बसून होते. संध्याकाळी म्हणाले, "सूनबाई, एखादी पारवी मिळते का बघ."

मिठागरावर कामाला जाणारी शेजारची बाई पदराखाली करडी पारवी घेऊन आली. "वयनी, ही मिठाच्या कोठारातली हाय. हिला कायपन रोग नाय."

जोडी जमली. दोन करडी, धट्टीकट्टी पिल्लं झाली. मामंजींनी एकाला टिचकी मारून खाली ठेवलं. ते पाय रोवून उभंच राहिलं. कितीतरी दिवसांनी मामंजी हसले.

"सुटलो ग बाई," म्हणाले.

त्याच आठवड्यात भर दुपारी पुन्हा तो आवाज आला. मी धावले. नर खणात शांत बसला होता, पिल्लं दाणे टिपत होती. लोळत होती ती पारवी. तिच्यात त्या वंशाचा थेंबही नव्हता.

मी तिला उचलून फुंकर घातली. ती थांबली. मागे मामंजी येऊन उभे होते.

"टिचकी कुणी मारली?"

"कुणी नाही, मामंजी."

ते मोकळ्या जमिनीकडे बघत राहिले. मग त्यांनी ढाबळीचं दार सताड उघडलं. पारवी पिल्लांना घेऊन आधी कौलांवर गेली, मग मिठागरांकडे. नर बाहेर आलाच नाही. त्याने दाणे सोडले आणि काही दिवसांत तोही गेला.

मामंजींनी पुन्हा कबुतर पाळलं नाही. ढाबळीत आम्ही सरपण रचू लागलो. ते आणायला मी कधी एकटी गेले नाही, आणि मामंजींनीही मला एकटीला कधी पाठवलं नाही.