ॲप्रिसिटीला मराठीत काय म्हणायचं

मी इंग्रजी कादंबऱ्यांचे अनुवाद करते, आणि अवघड शब्दांपेक्षा मिरवणाऱ्या शब्दांचा मला जास्त राग येतो. यंदा डिसेंबरात असाच एक आडवा आला: ॲप्रिसिटी. एक म्हातारी दुपारी बागेत बसलीय आणि लेखक म्हणतो, ती ॲप्रिसिटीत बसलीय. नेहमीच्या शब्दकोशात तो नव्हताच. शोधल्यावर कळलं, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. फार जुन्या एका कोशात त्याची नोंद झाली आणि पुढे कुणी तो फारसा वापरला नाही. हल्लीचे लेखक मात्र ट्रंकेतली पैठणी काढावी तसा तो बाहेर काढतात.

'हिवाळी उन्हाची ऊब' असं लिहिलं. अर्थ बरोबर, वाक्य मेलेलं. 'कोवळं ऊन' लिहून पाहिलं, पण ते सकाळचं, तान्ह्या बाळाला दाखवायचं. चिडून खोडलं.

खरं तर ते ऊन मला पाठ होतं. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आई थंडीत जेवणानंतर चटई टाकायची आणि न्हालेले केस मोकळे सोडून तुरीच्या शेंगा सोलायची. ऊन सरकलं की आम्ही चटईसकट सरकायचो. सोले, म्हणजे ते हिरवे दाणे, ताटात कमी, माझ्या तोंडात जास्त. बाबा गेल्यावर भाऊ तिला जर्मनीला घेऊन गेला, सहा महिन्यांसाठी म्हणून. हा तिचा तिथला तिसरा हिवाळा. परत कधी येतेस, हे मी दर फोनवर विचारते आणि ती नातवाचं काहीतरी काढते.

शेवटी दुपारी तिलाच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. ती स्वेटरवर शाल घेऊन खिडकीशी बसली होती, तोंडावर लख्ख ऊन. मी शब्द सांगितला, अर्थ सांगितला.

"त्याले काय नाव ठेवाचं वं? ऊन खाणं म्हणते आपल्याकडे."

एवढंच. म्हातारी बागेत ऊन खात बसली होती. इंग्रजीनं नाव ठेवलं आणि विसरली. आपण नुसते खात बसलो, नाव ठेवायला सवड कुणाला होती?

"मंग तू बी आता तेच करून राहिली न," मी हसून म्हटलं.

"नाई वं. इथलं ऊन नुसतं दिसते. अंगाले लागत नाई."

मला एकदम आई हवीशी झाली, लहान पोरीला होते तशी. "ये न मंग वापस," मी म्हणाले.

या वेळी तिनं नातवाचं काढलं नाही. "गुडघे ऐकत नाई आता. मी काही येत नाई वं. तू गच्चीवर जाय. मलेही घेऊन जाय."

मी वर त्याच गच्चीवर गेले, फोन कठड्याला टेकवून उन्हात ठेवला आणि समोर बसले.

"बोलू नको," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं मी तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. काच चांगली तापली होती. आत ती शाल घट्ट ओढून घेत होती.