बेलिफबाईंची यादी

बेलिफबाईंना कोर्टात सगळे जरा वचकूनच असत. कोर्टाचा हुकूम बजावायला हातात पडला की पहिल्या पानापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचल्याशिवाय बाई खुर्चीतून हलत नसत. वकील मंडळी शेवटचा परिच्छेद वाचून मोकळी. बाई म्हणायच्या, "अर्धा कागद वाचून निघणारा दारात तोंडघशी पडतो."

त्या दिवशीचा हुकूम परदेशी कोर्टाचा होता. सात वर्षांच्या मुलीला बापाने सुट्टीसाठी म्हणून इकडे आणलं आणि परत पाठवलंच नाही. तिकडच्या कोर्टाने ताबा आईला दिला. इकडच्या कोर्टाने वर्षभर काथ्याकूट करून तो मान्य केला आणि संध्याकाळी पाचच्या आत अमलात आणा म्हणून बाईंकडे सोपवला. बाप स्थगितीसाठी वरच्या कोर्टात धावला होता. पाच वाजून गेले की कागद परत जाणार आणि आईच्या नशिबी पुन्हा तारखा.

बापाच्या घरी, चौथ्या मजल्यावर, त्याची आई नातीला कवटाळून बसली होती. मुलीची आई जिन्यातच थांबली होती.

"साडेतीन झाले, बाई," हवालदार कुजबुजला. "उचलू का?"

"फ्रिज आहे का ती?" म्हणत बाईंनी चपला काढल्या आणि सरळ फरशीवर बसकण मारली.

जप्तीला गेलं की सामानाची यादी करायची, हे कोणताही बेलिफ करतो. मुलाच्या ताब्यालाही यादी करणाऱ्या या एकट्याच, आणि ती मुलानेच सांगायची.

"काय काय न्यायचं? तू सांग, मी लिहिते."

बाई पेन उघडून बसल्या. बाईंना घाई नव्हती. निदान दिसत तरी नव्हती.

"रंगपेटी," मुलगी शेवटी म्हणाली. "पांढरा हरवलाय."

बाईंनी तेही लिहिलं. मग निळा स्वेटर. मग एका कानाचा ससा. मग मुलगी म्हणाली, "आजी."

हवालदाराने कपाळाला हात लावला. बाईंनी हुकुमाचं चौथं पान काढलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. दर रविवारी मुलीने वडिलांशी आणि आजीशी व्हिडिओवर बोलायचं. मोठ्या सुट्टीत आजीने तिकडे राहायला जायचं.

"हे मला कुणी सांगितलंच नाही," आजी म्हणाली. "मुलगा म्हणाला, गेली ती कायमची गेली."

"कुणी वाचलंच नाही, आजी."

बाईंनी आईला वर बोलावलं. ती सासूसमोर येऊन उभी राहिली. "दर रविवारी लावीन, आई. तुम्ही म्हणाल त्या वेळी." बाईंनी यादीत 'आजी: दर रविवारी' असं लिहून तिची सही घेतली.

आजी उठली. स्वेटर तिनेच घडी करून बॅगेत ठेवला. मुलीने स्वतः बूट घातले आणि एक हात आजीच्या, एक आईच्या हातात देऊन चार मजले उतरली. पाचला वीस मिनिटं होती.

अहवालात 'बळाचा वापर' असा रकाना असतो. बाईंनी तिथे 'नाही' लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत आपलं नेहमीचं वाक्य घातलं: 'मूल चालत गेलं.' ते लिहा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांत ते गाळायची वेळ मात्र एकदाही आली नव्हती.