धारेबाहेरची शाळा

“शाळा आत धरता का बाहेर?”

खिडकीखालून आवाज आला आणि माझा ब्रश तोंडातच थांबला.

“आत धरली तं पुण्याचा कोरोना बी संगच बांधल्या जाईन, लेका.”

“अन् बाहेर ठेवली तं पोरीले भाकर कोन देईन? तू?”

“मी कायले देऊ? तिचा बाप गिरणीवाला हाय. पीठ काय कमी हाय त्याच्या घरी?”

सगळे हसले. मग भगतकाकांचा बसका आवाज आला. गावातल्या मरीमायचं सगळं तेच करतात. “बाहेर. मायचं ठाणं बाहेरच हाय. पोरगी मायजवळ राहीन. चाला, ऊन व्हायच्या आत फेरा झाला पाह्यजे.”

पावलं पुढे गेली. मी खिडकीच्या गजातून पाहिलं. भगतकाकांच्या खांद्यावर कळशी होती. तिच्या बुडाला बारीक भोक पाडलेलं, आत हळदीचं पाणी आणि कडुलिंबाचा पाला. त्यातून पाण्याची पिवळी धार मातीत पडत होती आणि ते न थांबता चालत होते. शाळेच्या फाटकासमोरून, रस्ता ओलांडून, धार गावाच्या बाजूने वळली. मी पलीकडे राहिले.

आमच्याकडे याला गाव बांधणं म्हणतात. साथ आली की करतात. धार एकदा पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत कोणी गावात यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही, चूल पेटवायची नाही, जातं-गिरणी काही फिरवायचं नाही. माझ्या जन्मानंतर हे पहिल्यांदाच होत होतं. मला ते थोडं हास्यास्पद वाटलं, आणि थोडं ओळखीचंही. कारण मी स्वतः अशाच एका बंद जागेत राहत होते. पुण्याहून पास काढून निघाले, दिग्रसच्या अलीकडे जिल्ह्याच्या हद्दीवर गाडी अडवली, कपाळाशी बंदुकीसारखं यंत्र धरून ताप पाहिला, हाताच्या पंजावर शिक्का मारला. मारेगावला नाकातून नमुना घेतला. आणि गावात आल्यावर समितीने सांगितलं, घरी नाही, आधी शाळेत राहायचं. बाबा स्कूटर घेऊन फाट्यावर आले होते. लांबूनच बोला, असं सगळे सांगत असताना त्यांनी माझी बॅग उचलली आणि शाळेच्या व्हरांड्यात आणून ठेवली. त्या बॅगेचं ओझं नंतर फार दिवस माझ्या मनावर राहिलं.

मी श्रद्धाळू नव्हते. मला लहानपणीच यवतमाळला इंग्रजी शाळेत आणि तिथल्या वसतिगृहात ठेवलं होतं. प्रार्थना म्हणजे रांगेत उभं राहून डोळे मिटायचे आणि ओठ हलवायचे, एवढंच मला माहीत. गावची बोली कळायची, पण बोलायला गेले की चुलतभावंडं हसायची, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. सुट्टीत आले तरी ओट्यावर बसून सगळ्यांकडे पाहत राहायची. बायका म्हणायच्या, “गिरणीवाल्याची पोरगी मुकी हाय का वं?” आई म्हणायची, “इंग्रजीत बोलते, तुमाले समजत नाही.” देवाजवळही मी तशीच होते. मरीमायचं ठाणं म्हणजे शाळेच्या मागे कडुलिंबाखाली मांडलेले शेंदराचे दगड. माझ्या मागच्या खिडकीतून ते रोज दिसायचे आणि मी रोज त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायची.

शाळेत मी एकटीच होते. आधी आलेली माणसं मुदत संपवून घरी गेली होती. दुपारी सगळं गाव दारं लावून झोपलं की शेजारच्या कुलूपबंद वर्गातून झाडू मारल्यासारखा आवाज यायचा. वाळलेला पाला असेल, असं मी स्वतःला सांगायची. त्या वर्गाच्या खिडक्याही बंद होत्या. आशाताई सकाळी ताप पाहायला येत, त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. मी कोणालाच काही सांगत नव्हते.

मात्र मी ऐकत होते. सकाळी सगळ्यात आधी बाबांची गिरणी ऐकू यायची. तिचा पट्टा जरा सैल आहे, त्यामुळे सुरू होताना ती दोनदा उचकी लागल्यासारखी करते आणि मग एकसारखी चालते. गाव बांधायच्या आदल्या दिवशी गिरणी चालू झालीच नाही. मी आईला फोन केला. ती म्हणाली, “लाइन नाही ना बाई, म्हणून बंद हाय.” माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. संध्याकाळी आईने फाटकाजवळच्या भिंतीवर डबा ठेवला आणि नेहमीसारखी थांबली नाही. पदर नाकावरून घट्ट ओढून लगेच वळली. डब्यात दोन वेळच्या भाकरी, ठेचा आणि कांदा होता, कारण दुसऱ्या दिवशी चूल नव्हती. मी भाकरी मोजायच्या ऐवजी तिच्या चालण्याकडे पाहत होते. ती घाईत होती.

धार पूर्ण झाली त्या दिवशी गाव इतकं गप्प झालं की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं. धूर नाही. बादलीचा आवाज नाही. कुत्रीसुद्धा कुठे गेली होती कोण जाणे. धारेच्या आत, पारावर तीन-चार माणसं राखणीला बसली होती, तीही बोलत नव्हती. वैशाखातलं ऊन पत्र्यावर चढत गेलं. मग आईचा फोन आला. ती कुजबुजत होती.

“तुह्या बाबाले तीन दिसापासून ताप हाय. आता बोलता येत नाही त्याइले, दम लागते. उठवून बसवलं तरी डोळे लावून घेते.”

“आशाताईला सांग,” मी म्हणाले.

“नाही. नाही सांगत. लोकं म्हनतीन पोरीनं आनला. तुही बॅग उचलताना साऱ्याईनं पाह्यलं. तू बी कोनाले सांगू नको, तुले माही आन हाय. उद्या धार सुटली का पाहू.”

फोन ठेवल्यावर मी वर्गात उभी राहिले. माझा अहवाल अजून आला नव्हता. उद्यापर्यंत काय होऊ शकतं, हे मी पुण्यात ऐकलं होतं. तिथे शेजारच्या इमारतीतले काका असेच उद्या बघू म्हणत गेले. मला ओरडायचं होतं. पारावरची माणसं समोरच होती. पण शब्द अडले, लहानपणापासून अडत आले आहेत तसेच. आईची शपथ, लोकांचं बोलणं, माझी मोडकी बोली, सगळं एकत्र. मी मागच्या खिडकीचा गज धरला आणि ठाण्याकडे पाहिलं.

दगड एक जास्त होता.

मी त्यांची संख्या कधी लक्षात ठेवली नव्हती, पण मांडणी पाठ होती. कडेच्या मोठ्या दगडाजवळ आज आणखी एक होता, गडद हिरवा. उन्हामुळे डोळ्यांपुढे हवा हलत होती. मग तो दगडच हलला. ती एक म्हातारी होती. जुनं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, तोंडाला काही बांधलेलं नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि सरळ माझ्या खिडकीकडे चालत आली. बांगड्या वाजत होत्या, पण पावलांचा आवाज येत नव्हता.

“पानी दे व पोरी.”

“जवळ येऊ नका, मी...” मी हातावरचा शिक्का दाखवला.

“मले कोन काय करते?” ती हसली. तिचे दात लहान मुलीसारखे होते.

मी स्टीलचा पेला भरून मागच्या पायरीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. फटीतून पाहिलं. ती पायरीवर बसली, पण पेल्याला हात लावला नाही. गावाकडे कान देऊन बसली.

“तुह्या बापाचा दम मले इथवर ऐकू येऊन राह्यला,” ती म्हणाली.

आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी दाराला पाठ लावून खाली बसले. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं की मी कोणाची. मग दाराच्या अगदी जवळून, जणू तीही पलीकडून पाठ लावून बसली असावी, इतक्या जवळून आवाज आला.

“धारीनं मानूस अडते, पोरी. बोलनं नाही अडत. तू काहून अडली?”

मी दार उघडायला फार वेळ लावला नाही. पण उघडलं तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. मागचं शेत नांगरून ठेवलेलं, आडोसा नाही, दूरवर कोणी चालताना नाही. पेला रिकामा होता आणि पायरीवर उपडा घातलेला होता, घरातली बाई भांडं धुऊन घालते तसा. कडुलिंबाखाली दगड नेहमीसारखे होते.

नंतर मी आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोलामांच्या पोडावरची, म्हणजे पलीकडच्या त्यांच्या वस्तीवरची एखादी म्हातारी असेल, शेतातून आली असेल. पोडावर विचारलं तर त्यांनीही त्या दिवशी आपली वाट काट्या टाकून बंद केली होती. असेल कोणी तरी. मी यावर वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या क्षणापर्यंत मी एकटी होते आणि त्यानंतर नव्हते.

मी १०८ ला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, गाडी पाठवते, पेशंटला रस्त्यावर आणून ठेवा. म्हणजे धारेच्या बाहेर. मी फाटकापर्यंत गेले, त्यापुढे नाही. रस्त्यावर पिवळी रेघ वाळून काळपट झाली होती, तरी स्पष्ट दिसत होती. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

“ए पोरी, मांगं हो! कुठं चालली?”

मी सांगितलं. बाबांना ताप आहे, दम लागतो, गाडी येते आहे. कोणत्या भाषेत सांगितलं ते आठवत नाही. एक जण म्हणाला, “पाह्य, म्हनलं नव्हतं? पुण्याचा पाहुना गिरणीत गेला.” दुसरा त्याच्यावर खेकसला, “अबे गप, मानूस मरून राह्यला अन् तुले मजाक सुचते?” मग भगतकाका पुढे आले. ते धारेच्या आत उभे राहिले, मी बाहेर. त्यांचा चेहरा कठोर नव्हता, घाबरलेला होता.

“बाई, दिवसाउजेडी धार मोडली का गावावर येते,” ते म्हणाले. “मोडता येते, नाही असं नाही. पन ज्याच्यासाठी मोडाची त्याच्या घरच्यानं मायचं नाव घेऊन बोला लागते, साऱ्याइच्या समोर. मोठ्यानं. काय येईन ते त्यानं आपल्यावर घ्या लागते. मंग मी मोडतो. बोलशीन?”

पुढचं आधी सांगते, कारण तेव्हा मी जे बोलले, त्यानंतर मला काही सांगता येणार नाही. धार भगतकाकांनी स्वतःच्या पायाने पुसली. ज्याने माझ्या बाबांची चेष्टा केली होती, त्यानेच तोंडाला गमछा बांधून बाबांना खाटेसकट उचललं. गाडी आली. बाबा यवतमाळच्या दवाखान्यात बरेच दिवस ऑक्सिजनवर होते आणि आम्हाला कोणालाच भेटता येत नव्हतं. रोज एक फोन यायचा, त्यापलीकडे करण्यासारखं काही नसायचं. आई शाळेतच माझ्यासोबत राहायला आली, दोन खोल्यांत दोघी. आई रोज ठाण्यासमोर पाणी घालायची. मीही घालू लागले. मागायचं काही नसायचं. मागून झालं होतं. माझा अहवाल आला, त्यात काही निघालं नाही. गावात आणखी काही घरांत ताप आला आणि गेला. धार मोडल्यामुळे आला असं कोणी म्हणालं असेल तर माझ्या कानावर आलं नाही. बाबा परत आले तेव्हा इतके वाळले होते की शर्ट खांद्यावरून घसरत होता. त्यांनाही आधी शाळेतच राहावं लागलं.

मी अजूनही फार बोलत नाही. पण आता प्रार्थना करताना ओठ नुसते हलत नाहीत. आपलं माणूस आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवलं की ते वाचतं, असं मला वाटायचं. आईलाही तसंच वाटत होतं. मूठ उघडायला किती भीती वाटते, आणि उघडल्यावर हात किती हलका होतो, हे मला त्या फाटकात कळलं. ज्या कोणी मला तिथवर आणलं, तिचे उपकार माझ्यावर आहेत. ती पोडावरची असो की आणखी कुठली.

त्या दिवशी फाटकासमोर भगतकाका वाट पाहत होते. मागच्या घरांची दारं किलकिली झाली होती. कोणीतरी सांगितल्यावर धावत आलेली आई गल्लीच्या तोंडाशी उभी होती, तोंडावर पदर, मान नकारार्थी हलवत. मी तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवून कडुलिंबाकडे. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या गावच्या बोलीत, सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलले:

“मरीमाय, माहे बाबा आता तुह्या हातात. जे येईन ते माह्यावर येऊ दे. काका, मोडा धार.”