डाव्या बाजूने चालणारा माणूस घोड्यावर बसतो

मी शारजाला लेकीकडे आलो होतो. शनिवारी अल ऐनला घोड्यावर बसायला जायचं, असं जावईबापूंनी जाहीर केलं आणि मी बीपीची गोळी शोधायला लागलो. पडलो तर? हाड मोडलं तर? सातवी शिकलेल्या माणसाने इथल्या दवाखान्यात काय बोलायचं? पण आतून मी वरातीच्या बँडसारखा वाजत होतो.

कारण सांगतो. फौजेत माझी सगळी नोकरी खेचरांच्या कंपनीत गेली. दोर उजव्या हातात, चालायचं जनावराच्या डाव्या बाजूने, आणि वर बसायचं नाही, हा नियम. माझ्या राणी नावाच्या खेचराच्या पाठीवरून पीठ, रॉकेल, तोफेचे सुटे भाग, सगळं डोंगर चढून गेलं. मी तेवढा पायी. आता या वयात एकदा तरी वर बसायचं होतं.

शारजातल्या अल नहदाहून सकाळी लवकर निघालो. रस्ता गुळगुळीत, गाडीने दीडेक तास. वाटेत पेट्रोल पंपावर करक चहा, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, घ्या, पण एकच कप. पुढे घोडा आहे. बूट बंद हवेत. अर्ध्या तासाचे दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या वर! मी पुन्हा गोळी शोधली.

तबेल्याच्या दारात काउबॉयच्या टोप्या विकायला टांगल्या होत्या. नातीने, इराने, एक माझ्या डोक्यावर ठेवली. "आजोबा, यू आर अ काउबॉय!"

घोडा सांभाळणारे बशीरभाई तांबूस घोडी घेऊन आले. दोर माझ्या हातात दिला आणि रिकीब नीट करायला वाकणार, तोवर मी चालायलाच लागलो. डाव्या बाजूने, ताठ मानेने. घोडीही गुमान मागे. पूर्ण रिंगण झालं, दुसरं सुरू झालं.

"चाचा," बशीरभाई ओरडले, "बैठना है या टहलाना है?"

"बाबा, अहो वेळ चाललाय!" मुलगी हसून हसून खाली बसली होती.

मी थांबलो. म्हटलं, "भाई, बैठनेका ऑर्डर नहीं था कभी."

बशीरभाई स्टूल ठेवून म्हणाले, "आज है. यल्ला, चलो!"

आणि मी वर! देवा, काय उंच! खजुराची झाडं खाली वाकून मला बघतायत असं वाटलं. मी एका हाताने टोपी धरली, दुसऱ्याने खोगीर, आणि "सावकाश! सावकाश!" ओरडताना एवढा हसलो की कवळी सैल झाली. खाली बघतो तर इराने दोर मागून घेतला होता. बशीरभाई शेजारी, आणि ती घोडीच्या डाव्या बाजूने चालत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझंच बघून.

आता गावी परतलोय. काउबॉयची टोपी फौजेच्या टोपीशेजारच्या खुंटीवर आहे. मुलगी फोनवर विचारते, "मांड्या दुखायच्या थांबल्या का, बाबा?"

थांबल्या म्हणतो. खरं तर अजून थोड्या दुखतात, आणि मी मुद्दाम तेल लावत नाही.