मागच्या गॅलरीतलं सोनं

गल्लीत त्यांना सगळे लागेलकाका म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे तेव्हापासूनचं हे नाव. जळका पंखा असो, तुटका कीबोर्ड असो, नाहीतर दुरुस्तीला टाकून मालक कायमचा विसरलेलं एखादं यंत्र असो, कुणी ‘फेकून द्या’ म्हटलं की काका म्हणत, "असू दे, लागेल." पुढे दुकान बंद झालं आणि हे सगळं लागणारं सामान हातगाडीवरून घरी आलं. काही पलंगाखाली गेलं, काही कपाटावर चढलं आणि उरलेलं मागच्या गॅलरीत छतापर्यंत रचलं गेलं. काकूंनी आधी नाक मुरडलं, मग कपाळाला हात लावला आणि शेवटी त्यातलीच दोन खोकी पुढे ओढून त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली.

काकू शिवणकाम करायच्या. गॅलरीला लागूनच्या खोलीत, खिडकीपाशी, त्यांचं पायाने चालवायचं मशीन होतं. ते लग्नाआधीपासूनचं, म्हणजे ज्येष्ठतेत काकांच्याही वरचं. दवाखान्यांचे पांढरे कोट ही त्यांची खासियत. कॉलर अशी बसवायच्या की आत शिकाऊ पोरगा असला तरी मोठा डॉक्टर वाटावा.

काकांच्या मनात मात्र एक काटा रुतून बसला होता. दुकान काढताना भांडवल कमी पडलं, तेव्हा काकूंनी आपले सोन्याचे कानातले काढून दिले होते. "दुकानाचा जम बसू दे, नवे करतो," असं काका छातीठोकपणे म्हणाले होते. दुकानाचा जम बसला, मोडला, दुकान उठलं, तरी कानातले काही झाले नाहीत. काकू शिवलेल्या कापडाला जुळणारे मणी कानात घालायच्या आणि त्या विषयावर अवाक्षर काढायच्या नाहीत. भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं, गप्प बसणाऱ्या बायकोला काय देणार?

आणि अशात एका सकाळी फोनवर त्यांना तो व्हिडिओ दिसला. जुन्या कॉम्प्युटरच्या कार्डांना कडेला ज्या पिवळ्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर खरोखरच्या सोन्याचा मुलामा असतो, आणि तो घरच्या घरी सोडवता येतो. पट्ट्यांवर सोनं असतं हे काकांना धंद्यामुळे ठाऊक होतंच. ते काढता येतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. ते उठून गॅलरीत गेले आणि त्या ढिगाऱ्याकडे असे बघत राहिले, जसं तिच्याशीच लग्न जमल्यावर माणूस रोजच्या शेजारणीकडे नव्याने बघतो. इतकी वर्षं आपण सोन्याच्या खाणीवर इस्त्रीचे कपडे ठेवत होतो, हे त्यांना पटेना.

मग काका कामाला लागले. कार्डांच्या पट्ट्या पत्र्याच्या कात्रीने कापायच्या. काकूंची कापडाची कात्री जवळ होती, पण तिला हात लावायची काकांची छाती नव्हती. पट्ट्या काचेच्या बरणीत टाकायच्या, वर ॲसिड ओतायचं आणि झाकण नुसतं टेकवून ठेवायचं, कारण आतून वाफ निघत राहते. खालचं तांबं विरघळलं की पाणी हिरवं होतं आणि सोन्याचे पापुद्रे सुटून तरंगायला लागतात. ते गाळून पुन्हा विरघळवले की सोनं तपकिरी गाळ होऊन तळाशी बसतं. डोळ्यांवर जाड चष्मा, हातात रबरी मोजे आणि तोंडाला फडकं बांधून काका गॅलरीत उभे राहिले की समोरच्या घरातली मुलं त्यांना हात करायची.

"हा कसला वास?" काकूंनी विचारलं.

"मोरी तुंबली होती. ॲसिड टाकलंय."

नवरा आपणहून मोरी साफ करतो आहे म्हटल्यावर काकूंनी पुढे काही विचारलं नाही. असं सुख उगाच उकरून बघू नये, असं त्यांना वाटलं असावं.

ॲसिडची वाफ लोखंडाला खाते, हे काका जाणून होते. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी आपले स्क्रू ड्रायव्हर, पकडी आणि तारा जोडायचं सोल्डरिंगचं यंत्र प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून पुढच्या खोलीत हलवलं. एवढी दक्षता घेतल्यावर मन निश्चिंत झालं. बरणी त्यांनी गॅलरीत उघडणाऱ्या त्या खिडकीच्या कठड्यावर बाहेरून ठेवली, तिथे ऊन चांगलं यायचं. काकूंना ती मोरीच्या ॲसिडाचीच वाटली.

काही आठवड्यांनी काकूंच्या कामाला दृष्ट लागली. दोरा मध्येच तुटायला लागला. टीप सुटायला लागली. एका डॉक्टरीणबाईंनी कोट परत पाठवला, शिवणीच्या कडेने बारीक तपकिरी ठिपके होते. काकूंनी तो धुतला, उसवला, पुन्हा शिवला, तर पुन्हा ठिपके. त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला, तो होता तोच निघाला. मग राहिले हात. काकू दुपारी नुसत्या बसून आपले हात उलटेसुलटे करून बघायच्या. जेवताना एकदा म्हणाल्या, "माझे हात गेले वाटतं आता." काकांचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी तपकिरी गाळ बरणीच्या तळाशी बसला होता आणि हा चिखल वितळला की सोनं होतं, या विचाराने त्यांना घास गोड लागत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी तो गाळ आगीच्या झोताखाली धरला. चिखल लाल झाला, आक्रसला आणि एकदम एक पिवळा थेंब चमकला. काका त्याच्याशी काहीतरी बोलले. काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. थेंब मोहरीपेक्षा थोडा मोठा होता.

तो मुठीत धरून ते आत आले, तर काकूंचा धाकटा भाऊ खोलीत बसला होता.

"भाऊजी, ताई मशीन विकते म्हणतेय. एक गिऱ्हाईक आहे, उद्या बघायला येईल."

"मशीन? का?"

"हात चालत नाहीत म्हणते. तुम्हाला माहीत नाही?"

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. काका चपापले. गिऱ्हाईकाला दाखवायच्या आधी तेलपाणी करून देतो, असं म्हणत त्यांनी मशीन मागे कलवलं आणि खालचा भाग बघितला. खालचा दोरा फिरवणाऱ्या शटलवर, दांड्यांवर, सुईखालच्या पट्टीवर, सगळीकडे लालसर बारीक गंज पसरला होता. असा गंज त्यांनी गॅलरीच्या जाळीवर रोज बघितला होता. मशीन खिडकीशी, खिडकीच्या कठड्यावर बरणी.

ते जमिनीवरच बसले. "अगं, तुझे हात चांगले आहेत," ते म्हणाले. "मी बरणीत ॲसिड ठेवलं होतं. मोरीसाठी नाही, सोन्यासाठी. त्याच्या वाफेने मशीन गंजलं."

काकू वळल्या. "म्हणजे दोरा तुटायचा तो?"

"माझ्यामुळे."

"कोटावरचे डाग?"

"माझ्यामुळेच."

"आणि परवा बाही उलटी लावली ती?"

काका जरा घुटमळले. "ती तू लावलीस."

भाऊ खुसखुसला. काकूंनी मात्र त्याच्याकडे बघितलं नाही. "तुमची हत्यारं कुठे होती तेव्हा?"

"पुढच्या खोलीत. पिशवीत बांधून."

एरवी शब्दाला शब्द देणाऱ्या काकांना मान वर करवेना. मशीनही लोखंडाचंच आहे, हे डोक्यात कसं आलं नाही, याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि त्याची लाज वाटत होती. त्यांनी मूठ उघडली. "तुझे कानातले करणार होतो. एवढंच निघालं."

काकूंनी थेंबाकडे ओझरतं बघितलं. "ठेवा तिकडे. आधी मशीन उघडा."

काकांनी बरणी लांब नेली, आपली हत्यारं आणली आणि मशीन सुटं केलं. एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून, घासून, तेल देऊन जागच्या जागी बसवला. शटल फारच खाल्लं गेलं होतं, ते भावाने धावत जाऊन नवं आणलं. संध्याकाळ होत आली तेव्हा काकूंनी पांढऱ्या कापडाचा तुकडा सुईखाली घातला आणि पाय हलवला. मशीन कुरकुरलं आणि मग चालू लागलं.

काकूंनी तुकडा उजेडात धरला. टीप या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती, एकही डाग नव्हता. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

"बघा," त्या म्हणाल्या, "माझेच हात."

इतकी वर्षं काकांना काकूंच्या तोंडावर हेच सुख बघायचं होतं, फक्त ते कानातल्यांनी येईल असं वाटलं होतं. ते बघत राहिले, आणि भाऊ उद्याच्या गिऱ्हाईकाला येऊ नका म्हणून सांगायला बाहेर गेला.