सामाजीचं पान

कापसाच्या घरात झाडू कितीही मारा, रुई कोपऱ्यात साठतेच. किश्श्यांचं तसंच आहे. कोणी मुद्दाम जमवत नाही. एक दिवस खाट सरकवली की खाली ढीग! आमच्या घरच्या ढिगातले चार-सहा आज तुमच्यापुढे टाकतो. मी सातवी नापास, तेव्हा शुद्धलेखन कोणी तपासू नये. खरं-खोटं तपासायचं असेल, तर त्याला माझा थोरला चुलतभाऊ नाना पाहिजे होता. मला तोंडावर खोटं पाडणारा तेवढा एकच माणूस होता, आणि तो आता नाही.

आम्ही शनवारे, चांदूर बाजारच्या बाजूचे. काळी जमीन, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. आमचा मूळपुरुष सामाजी, म्हणजे माझ्या पणजोबाचा बाप. त्याच्या आधी कोण, कुठले, काही पत्ता नाही. सगळे किस्से त्या एका बुढ्याभोवती फिरतात.

*

अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या अमरावतीच्या बाजाराला पंख फुटले. त्या धामधुमीत मुंबईच्या कोण्या व्यापाऱ्याबरोबर सामाजी इकडे आला. काम पारखीचं. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि लांबी बघायचा. मग मूठभर कापूस गालाला लावून डोळे मिटायचा. ओल असली की गालाला कळायची. भाव चढला की माणसाची अक्कल चालते ना. लोक कापसावर पाणी मारून वजन वाढवायचे.

एक पाटील बारा गाड्या घेऊन आला. (नाना सहाच म्हणायचा.) सामाजीनं गालाला कापूस लावला.

"पाटील, कापसाले ताप हाये का? घाम फुटला त्याले."

सगळा बाजार हसला. पाटील लालबुंद होऊन गाड्या घेऊन परत गेला. चार महिन्यांनी तोच पाटील पुन्हा आला आणि सामाजीला आपली पोरगी देऊन बसला! गावानं विचारलं, काहून गा, ना जात माहीत ना गाव? तर पाटील म्हणाला, "ज्याले लबाडी गालावर कळते, तो घरातच असलेला बरा."

ती आमची खापरपणजी. गालाची कला मात्र पुढं कोणात उतरली नाही. पाटलाची उतरली.

*

सामाजी सासुरवाडीत साखरेसारखा विरघळला. पोळ्याला बैल सजवले, पोरांची नावं सासऱ्याच्या पसंतीनं ठेवली. फक्त शनिवारी कापसाला हात लावायचा नाही. ऐन हंगामात गाड्यांची रांग लागलेली, आणि हा लिंबाखाली हात मांडीवर ठेवून बसलेला. व्यापारी हाता-पाया पडला, हात लावू नको, नुसता गाल तर लाव. सामाजी म्हणाला, "आज गाल बंद."

बाजारानं नाव पाडलं, शनवारे. तेच पुढं सातबाऱ्यावर चढलं.

घरात ते शनिवारचं बसणं टिकलं, कारण मात्र हरवलं. विचारलं की मोठी माणसं सांगायची, मारुतीचा वार. पण आम्ही मारुतीला जातही नव्हतो, नुसते बसायचो! माझ्यासारख्या आळशाला एवढी सोयीची रीत आणखी कुठं मिळाली असती?

*

या सगळ्यात रिसर्च घुसवला तो नानाच्या पोरीनं, सुमीनं. ती अकोल्याला कॉलेजात इतिहास शिकवते. एका दिवाळीत वही घेऊन आली आणि म्हणाली, काकाजी, कोकणात मराठी बोलणारे ज्यू आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. सामाजी हे नावही त्यांच्यातलं असू शकतं.

मी ही बातमी चहाच्या टपरीवर नेली. तिथं एकानं विचारलं, "मंग आता इस्रायलले जाता का गुलाबराव?"

"तिथं पऱ्हाटी पिकते का, थे इचारून ये आधी," मी म्हणालो.

सगळे हसले. नाना हसला नाही. तो तेव्हा ऐंशीच्या पुढं होता, छातीचं दुखणं सुरू झालेलं. टपरीवरून परतताना मधेच थांबला.

"गुलाब, साठ वर्सं झाले, पितरपाखात मी सामाजीच्या नावानं पान मांडून राह्यलो. बुढा दुसऱ्या लोकायचा असंन, तं थे त्याले पोचते का?"

मला टोमणा सुचला होता. मी वाकून चपलेतला खडा काढला.

"साठ वर्सं उपाशी असंन तो," नाना म्हणाला आणि चालू लागला.

तेव्हापासून सुमीच्या वहीपेक्षा नानाला घाई जास्त. आपण जायच्या आधी एवढं एक कळावं, म्हणजे वर भेट झाली तर तोंड दाखवायला जागा राहील, असं तो म्हणायचा.

*

सुमीनं घर पिंजून काढलं. शुक्रवारी दिवे लागायच्या वेळी तिची आई, म्हणजे आमची वयनी, दोन वाती लावते आणि डोळ्यांवर हात धरते. शनिवार पाळणाऱ्या ज्यू बायकाही असंच करतात, हे सुमीनं वाचलं होतं. तिनं विचारलं, ते कशासाठी? वयनीनं सांगितलं, सरकीच्या तेलाचा धूर डोळ्यांत जातो.

सुमी हुशार. पुढच्या शुक्रवारी तिनं दिव्यात गुपचूप साजूक तूप घातलं. धुराचा पत्ता नाही. वयनीनं वाती लावल्या आणि डोळे झाकले.

"आई, आता कुठं धूर हाये?"

"माह्या सासूच्या दिव्याले होता ना," वयनी म्हणाली.

*

आता माझं पाप. सुमी प्रत्येकाला जुन्या रीती विचारायची. माझ्याकडं आली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाहुणी पोरगी वही उघडून बसली आहे, तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? मी ठोकून दिलं, आपल्यात नवा जावई कापसाच्या गाठोड्याला उलट्या पावलांनी तीन फेऱ्या मारतो.

तिनं लिहून घेतलं. मी विसरून गेलो.

दोन वर्षांनी माझ्याच नातीचं लग्न. जावई मांडवाबाहेर गाठोड्याभोवती उलटा चालतो आहे, मागून व्याही त्याला सांभाळतो आहे आणि सुमी व्हिडिओ काढते आहे. मी कबुली द्यायला तोंड उघडलं, तर वयनी मला दटावून म्हणाली, "तीन फेऱ्या नाही गुलाबभाऊ, पाच असतात. माह्या लग्नात पाच झाल्या होत्या."

*

आमच्याकडं घर बदलतं, चौकट बदलत नाही. मातीचं घर पाडून सिमेंटचं बांधलं तरी दाराची सागवानी चौकट तीच. तिच्या उजव्या अंगाला बोटभर उंचीची खाच आहे, कापसाच्या बोळ्यानं बंद केलेली. आत येता-जाता आम्ही तिला बोट लावून ओठाला लावतो. का? लक्ष्मी कापसातून येते म्हणून. हे नानानं सांगितलं, नानाला त्याच्या बापानं.

सुमीनं अलिबागकडच्या एका गृहस्थांशी पत्रं लिहून ओळख काढली होती. शालोमकाका, निवृत्त शाळामास्तर, त्या कोकणातल्या ज्यूंपैकीच. चौकटीचा फोटो पाहून त्यांनी कळवलं की आमच्या दाराला अशाच जागी चामड्यावर लिहिलेल्या प्रार्थनेची सुरळी असते. तुमच्या खाचेत ती सापडली, तर मग दुसरा पुरावा नको.

हे ऐकून नाना दोन दिवस छाती विसरला. आणि मी जेवण विसरलो. कारण ती खाच मी उघडलेली होती, विशी-बाविशीत असताना. आत काळी पडलेली चामड्याची गुंडाळी होती. मी ती सरकीच्या ढिगात फेकली आणि तिच्या जागी नानाची मजा करायला एक चिठ्ठी घातली. नानानं खाच कधी उघडलीच नाही, आणि माझी मस्करी पन्नास वर्षं आत पडून राहिली.

शालोमकाका सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी बडनेऱ्याला उतरले. पांढरी टोपी, बारीक चण. दारात आले, सवयीनं चौकटीला बोट लावलं आणि ओठाला नेलं. नाना बघतच राहिला. मग सुमीनं चिमट्यानं बोळा काढला, मागून कागद काढला आणि उलगडून वाचला.

"नाना, बिडी कमी ओढ. तुहा सामाजी."

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. चामडं होतं, मी फेकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की नानानं मला मारावं.

नानानं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"थे चामडं माह्या चपलेची वादी होती," तो म्हणाला. "तुह्या आधी मी उघडली होती खाच. आत निरा भुसा होता, थो सांडला. मायनं पाह्यलं असतं तं झोडपलं असतं, म्हनून वादी कोंबली."

"म्हणजे भुसा होता, तो त्या सुरळीचाच..." सुमी म्हणाली आणि वही मिटून खाली बसली.

शालोमकाका टोपी काढून हसत होते. हसता हसता खोकले. म्हणाले, "आमच्या आजोबांच्या दाराच्या अशाच खाचेतून माझ्या थोरल्या काकांचा नापासाचा निकाल निघाला होता. आता मला पुरावा नको."

पण नानाला हवा होता. त्यानं विचारलं, "थे राहू द्या बावा. बुढ्याले पान पोचते का, तेवढं सांगा."

"ते मी कसं सांगू, दादा?" काका म्हणाले. मग त्यांनी हात-पाय धुवायला पाणी मागितलं.

*

सर्वपित्रीला आमच्याकडं सगळ्या पितरांची पानं कावळ्यांसाठी छतावर जातात. सामाजीचं जात नाही. बुढा बाहेरचा, त्या पंगतीत त्याला कोण ओळखणार? म्हणून त्याचं पान ओसरीत. पाट, पाण्याचा तांब्या-पेला आणि पळसाची पत्रावळ. संध्याकाळी ते पान गाईला द्यायचं. त्याच्यावर वडे नाहीत, खीर नाही, कढी नाही. गुळात कालवलेले भिजले पोहे, वर ओलं खोबरं, भोवती केळी, पेरू, सीताफळ, डाळिंब आणि खजूर. बुढ्याला दात नव्हते म्हणून भिजले पोहे, असं वयनी सांगते. मग खजूर कशाला, असं मी विचारलं, तर ती मला पंगतीतून उठवते.

त्या दिवशीही वयनीनं पान मांडलं आणि आत वळली. नाना खांबाला टेकून बसला होता, सकाळपासून दमलेला. सुमी छतावर पानं ठेवून उतरत होती. शालोमकाका मोरीवरून हात पुसत ओसरीत आले. त्यांना त्या पाटावर मी बसवलं, असं घरात अजून म्हणतात. म्हणोत बापडे.

काकांनी पान पाहिलं आणि जागीच थांबले.

"मलिदा केलात तुम्ही? आमच्या मंगलकार्याचे पोहे?" ते म्हणाले. "माझ्यासाठी?"

कोणी काही बोलायच्या आत ते पाटावर बसले. टोपी सारखी केली, डोळे मिटून ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि पोह्यांचा घास घेतला. मग दुसरा. वयनी दारात येऊन उभी राहिली, हातात पाण्याचा गडू. सुमी पायरीवरच थबकली. काका सकाळपासून उपाशी होते. त्यांनी खजूर खाल्ले, डाळिंबाचे दाणे खाल्ले, पत्रावळीवरचे शेवटचे पोहे बोटांनी गोळा केले.

मी सुमीला खूण केली, सांगू नको. नाना खांब धरून उठला. तांब्यातलं पाणी त्यानं स्वतःच्या हातानं काकांच्या पेल्यात ओतलं आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत समोर उभा राहिला.

मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "पोचलं."