नानांची ताटी आणि माझा पंखा

बायकोनं चाळीस वर्षांच्या संसारात मला एकदाच सोडलं. तेही एका उन्हाळ्यापुरतं, रोज दुपारी बारा ते चार.

लांब नाही गेली. समोर, नानांच्या घरी. नाना म्हणजे कचेरीतले कारकून. त्यांचा कुणी गोरा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा बंगल्यातलं सामान विकायला निघालं. त्यातली वाळ्याची एक ताटी नानांनी उचलली. ताटी म्हणजे काय, तर बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या गच्च बसवलेल्या. ती दारात उभी करायची, वर मडकं टांगून तिच्यावर पाणी ठिबकू द्यायचं, की बाहेरची झळ आत येता येता गार होते. आणि वास असा, की अत्तराच्या दुकानात बसल्यासारखं! जळगावच्या वैशाखात, जिथं कावळासुद्धा सावली सोडायला तयार होत नाही, तिथं अशी ताटी असलेला माणूस म्हणजे साक्षात इंद्र. त्या इंद्राच्या दरबारात माझी गंगू जाऊन बसायची. अक्काजवळ, म्हणजे नानांच्या बायकोजवळ, वाती वळत.

(कुणी म्हणेल, बाई बाईजवळ बसली, त्यात तुझं काय गेलं? ज्याची बायको समोरच्या घरात हसते त्यानंच ते सांगावं.)

मी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. शाळा दुसरीपर्यंत, तीही मास्तर दयाळू म्हणून. कपाशीचा हंगाम संपला की जिन बंद, मग उन्हाळाभर मी घरी. म्हणजे नेमका मी घरी तेव्हाच ही समोर!

"गंगू, बस ना गं घरी."

"आठे?" गंगू दोंडाईच्याकडची, तिच्या बोलण्याला आडपडदा नसे. "आठे चुल्हा पेटाडानी गरज नही. वरना पत्रा तापतस, भाकर जमीनवरच शेकाई जाई!"

"नानांकडं काय सोनं लागलंय?"

"सोनं नही, गारवा शे. काय सुख शे तठे, माय व!"

सुख! माझ्या घरात चौदा वर्षं काढली, आमचा रघू झाला, पण हा शब्द त्या बाईच्या तोंडून मी ऐकला नव्हता. तो निघाला कुणासाठी, तर मुळ्यांच्या चौकटीसाठी. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (गेलं, पण गोड लागलं नाही.)

त्याच आठवड्यात ताटीवरचं मडकं नानांच्या पायावर पडलं. मीच धावत गेलो, मीच हळद उगाळून लावली. शेजारधर्म असतो. पण नाना असे चिवट, की दुसऱ्याच दिवशी लंगडत लंगडत त्यांनी नवं मडकं टांगलं, आणि बारा वाजता गंगू वाती घेऊन निघाली.

तेव्हा मी ठरवलं. नानांची ताटी गार करते किती, तर एक खोली. मी आख्खं घर गार करणार! एकाच जागी वारा गार करायचा आणि नळानं खोल्याखोल्यांत नेऊन सोडायचा. जिनात कापूस ओढून न्यायचे पत्र्याचे जुने नळ भंगारात पडले होते, ते म्यानेजरला विचारून आणले. बाजारातून धान्य उफणायचा हातपंखा आणला. लाकडी पेटी, आत पात्यांचं चाक, बाहेर फिरवायचा दांडा. तो परसात मांडला. त्याच्या मागं ताटी, ताटीवर मडकं. पेटीच्या तोंडातून नळ काढला तो आढ्याखालून बैठकीत, माजघरात आणि स्वयंपाकघरात. तिन्ही टोकांना पत्र्याचे कर्णे बसवले, ग्रामोफोनला असतात तसे. त्याची काही गरज नव्हती. पण नानांकडं कर्णे नव्हते!

"नळ झाडीसन लावा," गंगू म्हणाली.

"फिटर मी का तू?"

तिला माजघरात कर्ण्याखाली उभी केली, परसात गेलो आणि दांडा असा फिरवला, की जिनाच्या इंजनाला लाज वाटावी. आतून काही आवाज येईना. मला वाटलं, सुखानं बोलती बंद झाली असेल. जाऊन पाहतो तर माजघरात कापसाचं भूत उभं! नळात साचलेला सगळा कापूस एका फुंकरीत तिच्या अंगावर. डोकं पांढरं, भुवया पांढऱ्या, नाकाच्या शेंड्यावर एक सरकी. तिनं अंगावरचा कापूस वेचून टोपलीत भरला, म्हणाली, "वातीसले कामे ई," आणि समोर निघून गेली.

(तशी पांढरी उभी ती मला अजून दिसते. पुढं तिचे केस खरेच पांढरे झाले, तेव्हा नीट बघायला मला सवड नव्हती. ती जाऊन आता दोन उन्हाळे झाले. असो.)

आणखी एक शहाणपण केलं होतं. वाळा महाग, म्हणून ताटी अर्धी वाळ्यानं भरली होती आणि अर्धी केळीच्या सोपटानं. आपल्याकडं केळीला काय तोटा! चौथ्या दिवशी सोपट कुजलं आणि माझ्या नळानं तो वास तिन्ही खोल्यांना अगदी सारखा वाटून दिला. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. नानांची ताटी कुजली असती तर एकच खोली घाणली असती! मग मी ताळ्यावर आलो. सोपट फेकून सगळी ताटी वाळ्याची केली. रोज सकाळी काठीला फडकं बांधून नळ पुसायचा, चाकाच्या आसाला एरंडेल घालायचं, ताटी उन्हात उलटी करून वाळवायची, हे सगळं न चुकता. आणि खरं सांगतो, घर गार झालं. तीनही खोल्या.

पण गंगू घरी बसेना! म्हणे, "अक्का वाट देखस."

मग एकच उपाय राहिला. नाना आणि अक्का, दोघांनाच माझ्या घरी बोलवायचं. एकदा नानांनी आपल्या तोंडानं कबूल केलं, की मिस्त्री, तुमचा गारवा आमच्याहून भारी, की गंगूला समोर जायला तोंड राहणार नाही.

ते आले. नाना बैठकीत लोडाला टेकले, बायका माजघरात बसल्या. मी परसात पंख्यावर. गंगूचा भाऊ भिका दोंडाईच्याहून आला होता, तो ताटीवर पाणी मारायला. अर्धा तास मी दांडा फिरवला. वर ऊन, खाली फुफाटा, कपाळावरचा घाम डोळ्यांत. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की आख्खं घर गार करणाऱ्या यंत्रात गार न होणारा माणूस एकच, तो मी! दम लागला म्हणून हात थांबवला.

"दाजी, आत बठ्ठा खूश व्हतीन," भिका म्हणाला.

"खूश? तो नान्या खूश होणाऱ्यातला आहे का! साहेबाच्या बंगल्यातली ताटी म्हणे! साहेबाच्या घोड्याच्या दाराला लावलेली असेल ती. आणि ऐट बघ, जशी राणीनं स्वतःच्या हातानं दिलीय!"

भिका फिदीफिदी हसला. ऐकणारा हसला की माझं तोंड सैल सुटतं.

"तुला सांगतो भिका, तुझी बहीण बारा वाजता उंबरा ओलांडते ना, तेव्हा माझ्या पोटात निखारा पडतो. ते मडकं नान्याच्या पायावर पडलं, ते काय आपोआप पडलं? दोरीची गाठ मी सैल केली होती! म्हटलं मडकं फुटेल, ताटी वाळेल, ही घरी येईल. ते पडलं त्याच्या पायावर. मग त्याच पायाला हळद लावायला मीच! तो कण्हत होता आणि मी तोंड फिरवून हसत होतो!"

तेवढ्यात पंख्याची पेटी बोलली.

"अहो, रघूना बाप! पंखा फिरावा नहीतर तोंड बंद करा. बठ्ठं आयकू येस आठे!"

भिकाच्या हातातली कळशी सुटली. "दाजी, पंखा बोली राहिना!"

पंखा कसला बोलतो! नळाच्या दुसऱ्या टोकाला गंगू होती. इतकी वर्षं जिनात नळ जोडले, पण ज्यातून वारा जातो त्यातून आवाजही जातो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि टोकाला मी हौसेनं कर्णे लावलेले! माझं एकेक वाक्य तीन खोल्यांत, ग्रामोफोनसारखं, खणखणीत.

पळून जावं, तर परसाला दुसरं दार नाही. आत गेलो. नाना ताठ बसले होते, दुखरा पाय मांडीखाली घेऊन. माजघराच्या दारात अक्का, पदर तोंडात.

काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काय नाना, गार वाटलं का?"

"चांगलाच गार झालो, मिस्त्री."

"पाणी आणू?"

"नको. पाण्याचं मडकं आणाल." नाना उठले. "मी त्या दोरीवाल्याशी भांडलो हो. भर बाजारात, कुजकी दोरी दिली म्हणून. त्याची माफी कोण मागणार?"

"मी मागतो."

"काय सांगून?"

नानांनी पायताण चढवलं. "चला हो," त्यांनी अक्कांना हाक दिली.

"तुम्ही व्हा पुढं," अक्का म्हणाल्या. "मी बसते जरा. इथं खरंच गार आहे."

झालं! मी जिंकलो. गंगूनं डोक्याला हात लावला, "आते मी तठे कोणतं तोंड लई जाऊ?" आणि त्या दिवसापासून ती समोर गेली नाही. दुपारी माझ्या घरात, माझ्या गारव्यात, माझी बायको. अक्काच रोज इकडं यायला लागल्या. दोघी माजघरात वाती वळत हसायच्या, आणि मी बाहेर उन्हात दोघींसाठी दांडा फिरवायचो. नाना मात्र समोर, ताटीमागं, घरात बायको नाही, कटकट नाही, असे घोरत पडायचे. मी केलेल्या खटपटीचं सगळ्यात मोठं सुख लागलं कुणाला, तर त्या माणसाला!

एकदा मात्र हात थांबवला, तर पेटीतून गंगूचा आवाज आला. अक्कांना सांगत होती, "मन्हा माणूस कसाबी शे, पन..."

मी पेटीला कान लावला.

"...माय व, पंखा कसाले बंद पडना? अहो, झोपनात का?"

मी फिरवायला लागलो. फिरवला की चाकाची घरघर, ऐकू काही येत नाही. थांबवला की ती बोलणं सोडून मला ओरडते. 'पन'च्या पुढचं काही मला कधी कळलं नाही. समोरासमोर विचारायचं? ती होती तोवर माझी छाती झाली नाही.

गंगू गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले. मग मला रोज तेच टोचायला लागलं, की ते वाक्य पुरं ऐकलेलं माणूस जिवंत आहे आणि ते मी नाही. नानांवर जळणं जुनं झालं होतं, आता अक्कांवर जळायला लागलो. शेवटी काठी टेकत समोर गेलो. नाना लोडाला टेकलेले होतेच.

"अक्का, गंगू एकदा म्हणाली होती, 'मन्हा माणूस कसाबी शे, पन...' पुढं काय हो?"

अक्कांना सगळं लख्ख आठवत होतं. एकदा का, म्हणाल्या, ती तर रोजच म्हणायची.

"काय?"

"'मन्हा माणूस कसाबी शे, पन पंखा बरा फिरावस.'"

बस. चाळीस वर्षांच्या संसाराचा दाखला एवढाच. मी डोळे पुसले आणि नानांकडं पाहिलं. त्यांच्या ताटीवर जन्मभर मडकं ठिबकलं, त्यांनी हात काही हलवला नाही. असं वाक्य त्यांच्याबद्दल कुणी म्हणणं शक्यच नाही!

आता जळू द्या त्यांना.